थोडी बाकीच्यांसाठी ठेवा

"काकू, थोडी बाकीच्यांसाठी ठेवा की." एवढंच म्हणाली ती. आवाजही गोड होता. अंघोळ झाली, खिचडी झाली, दुपारी आडवी होऊन कूस बदलून झाली, तरी ते वाक्य काही जात नाही.

म्हणजे मी फुलं चोरत होते.

तिचंही काय चुकलं म्हणा. सकाळी साडेसातला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर एक बाई वाकून फुलांवर हात चालवतेय, शेजारी कांद्याची लाल जाळीची गोणी, तिच्या भोकाभोकांतून पिवळीकेशरी फुलं बाहेर आलेली, आणि चार दिवसांवर दसरा. मीसुद्धा तेच समजले असते. समजले असते काय, बोललेही असते, आणि इतक्या गोडव्याने नक्कीच नाही.

कारण आमच्या गेटवरची पाटी माझीच आहे. "देव तुमचा, झाड आमचे. फुले तोडू नयेत." पहाटे आकडीची काठी घेऊन तगर आणि जास्वंद साफ करून जाणाऱ्या मंडळींसाठी. मजकूर माझा, अक्षर ह्यांचं. रंग उडालाय आता, चेअरमन नवीन छापून देतो म्हणतात. मी हो म्हणत नाही.

असो.

खुपतंय ते तिचं बोलणं नाही, माझं उत्तर खुपतंय. मी म्हणाले, "हो हो." हसून. जणू पकडलेच गेले! 2023 च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायच्या मोर्चात घोषणा देऊन घसा बसला होता माझा, दोन दिवस मीठपाण्याच्या गुळण्या. टेकडीतून काढायचा तो बालभारती-पौड फाटा रस्ता का नको हे दारात आलेल्या गॅसवाल्यालाही ऐकवलं होतं. आणि आज एका बाईपुढे एक सरळ वाक्य सुचेना.

उत्तर नव्हतं असं नाही. भांडी विसळताना अख्खं तयार झालं. की बाई गं, हा कॉसमॉस. मूळचा मेक्सिकोचा, बागेसाठी आणलेला, बागेतून निसटून टेकडीवर पसरला. तुला टेकडी फुललेली दिसते. पण इथे पूर्वी जे असायचं ते गवत. कुसळी, मारवेल, मध्येमध्ये तेरडा. चंडोल त्या गवतातच जमिनीवर घरटं करतो. कॉसमॉस छातीएवढा वाढून दाटला की खालच्या गवताला ऊन मिळत नाही. आणि बी धरलं की एकेका झाडाखाली पुढच्या वर्षीची गर्दी तयार. म्हणून पावसाची ओल आहे तोवर मुळासकट उपटायचं, बी धरायच्या आत. मी फुलं तोडत नव्हते, झाडं उपटत होते! (हे वाक्य तिच्यापुढे बोलले नाही तेच बरं. ऐकून फार काही सुधारलं नसतं.)

मग तिने विचारलं असतं, आणि झेंडू?

इथे माझी विसळणी थांबली. झेंडूही मेक्सिकोचाच. ज्याचं तोरण दाराला बांधल्याशिवाय आमचा दसरा होत नाही तो. नवरात्राच्या उपासाला खिचडी केली, तो साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. त्यातल्या मिरच्या आणि बटाटेही तिकडचेच. म्हणजे आमचा उपास जवळजवळ पूर्ण परदेशी, फक्त दाण्याचं कूट... नाही, शेंगदाणाही तिकडचाच. तेव्हा "परदेशी" म्हणून उपटते हे काही खरं नाही. झेंडू लावला तिथे राहतो, शेतकरी काढतो, विकतो. कॉसमॉसला कुणी विचारत नाही, तो आपला सुटलाय. टेकडीवरची उंदीरमारी (ग्लिरिसिडियाची झाडं) तरी कुणी लावली? वनखात्यानेच. भराभर वाढते, गुरं फारशी खात नाहीत, टेकडी हिरवी दिसते. तेव्हा लोकांनी कौतुकच केलं असणार. आता तिच्या दाटीखाली गवत शोधावं लागतं. हिरवं दिसलं की बरं वाटतं, पिवळं दिसलं की फोटो. सुकं गवत मात्र सगळ्यांना ओसाड वाटतं. मलाही वाटायचं. माळ म्हणजे मोकळी जागा, झाडं लावायची राहिलीत असंच आमच्या पिढीला शिकवलं.

तर ही सगळी कहाणी मी तिला उभ्या उभ्या सांगायची होती? तिच्या हातात कुत्र्याची दोरी, कुत्रा पुढे ओढतोय.

तरी वाटतंच. रविवारची झोप मोडून जायचं, कंबर धरून वाकायचं, हातमोज्यातून कुसळं टोचून घ्यायची, आणि वर चोर ठरायचं. माझ्या जागी आमच्या तण उपटणाऱ्या गटातला तो बॉटनीवाला मुलगा असता, गळ्यात दुर्बीण, डोक्यावर टोपी, तर तिने त्याला "काय अभ्यास चाललाय?" विचारलं असतं. साडीवर स्वेटर घातलेली बाई फुलांशी दिसली की ती देवासाठीच... जाऊ दे.

शाबासकी हवी होती का मला? बहुतेक हो. मोठी नको. नुसतं "वा, छान काम करताय" इतपत. ते मिळालं असतं तर मी आत्ता हे लिहीत बसले नसते, जेवून मालिका बघत असते. म्हणजे टेकडीसाठी जाते, असं जे सगळ्यांना सांगते, त्यात थोडी भेसळ आहे. असू दे. गवताला काय फरक पडतो मी कशासाठी वाकले याने.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती. म्हणाली, "आई, तुझ्या पाठीवर पाटी लाव. तुला येतात लिहिता." मग मलाही हसू आलं. मजकूरही लगेच सुचला, "फुले नव्हे, तण. कृपया आपणही उपटावे." तिने विचारलं, मग मी गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवलं का. मी विषय बदलला.

पुढच्या रविवारी खाणीच्या बाजूला जायचंय. तिकडचा कॉसमॉस आधी फुललेला, बी धरायला लागलाय, तेव्हा जाळी चालणार नाही, बंद पोतं लागेल. बी कपड्यांना चिकटतं, खाली उतरायच्या आधी झटकून घ्यावं लागतं. तो मुलगा त्याबाबतीत फार कडक आहे, माझा पदरसुद्धा तपासतो. पोतं वाण्याकडे मागून ठेवते.

आणि झेंडू परवाच आणावा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत अक्षरशः लुटतात.