छातीवरचा पट्टा

स्कायडायव्हिंगचं विमान 9 हजार फुटांवर असेल, मी शेजारच्या बाईंना विंगसूटबद्दल (हातापायांमध्ये कापडी पंख असलेला सूट) विचारत होतो, किती जंप झाल्यावर घालता येतो वगैरे, आणि त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी माझ्या छातीवरचा पट्टा दोन बोटांनी धरून हळूच ओढला.

सर्रकन निघून आला की हातात!

म्हणजे मी तो बकलमधून घातला होता, पण परत मागे वळवून ओवलाच नव्हता. दिसायला एकदम नीट. पॅराशूट उघडताना जो झटका बसतो त्यात सुटला असता आणि मी हार्नेसमधून बाहेर, वर छत्री मस्त फुललेली.

त्यांनी पट्टा नीट ओवला, शेपूट इलॅस्टिकमध्ये खोचलं आणि मग म्हणाल्या, "दोनशे." बस्स. (इथे अमेरिकेत विंगसूटसाठी किमान 200 जंप लागतात, माझ्या 43.)

गंमत बघा, रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव पॅराशूटच्या, रिपॅकचे (उघडून परत घडी घालण्याचे) 180 दिवस संपले नाहीत ना ते मी सकाळी बघितलं होतं, सायप्रस नावाचं यंत्र चालू केलं होतं, म्हणजे मी बेशुद्ध जरी झालो तरी ते साधारण 750 फुटांवर आपोआप रिझर्व्ह उघडणार, सगळं झकास, आणि नाकाखालचा पट्टा राहिला! तीनदा चेक करायचं शिकवतात, मी एकदाच केलं, तेही गप्पा मारत.

रात्री पुण्याहून आईचा फोन, "काळजी घेतोस ना रे?"

हो म्हणालो. तुम्ही काय सांगितलं असतं?