जांघेतील न दुखणारी गाठ आणि हर्नियाचा चकवा

वृषणरज्जूतील (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि वीर्यनलिका यांच्या दोरीसारख्या जुडग्यातील) लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, हा इतका विरळा आहे की अनेक सर्जनांच्या वाट्याला तो उभ्या कारकिर्दीत एखाद-दुसऱ्या वेळीच येतो, आणि येतो तोही बहुधा हर्निया समजून. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या जांघेत किंवा अंडकोषाच्या वरच्या भागात न दुखणारी गाठ सावकाश वाढत असते. हर्निया पुष्कळदा आडवे झाल्यावर आत जातो आणि खोकताना बोटाला धक्का देतो. ही गाठ जागची हलत नाही. रुग्णाला झोपवून आणि उभे करून तपासायला दोन मिनिटे पुरतात, तरी गर्दीच्या ओपीडीत नेमके तेच राहून जाते, हे मला खटकते.

सोनोग्राफीत गाठ वृषणापासून वेगळी असल्याचे कळते, पण साधी चरबीची गाठ आणि लायपोसार्कोमा यांतला फरक तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी एमआरआय अधिक उपयोगी ठरतो. पोटाचा सीटी स्कॅनही हवाच, कारण कधी कधी पोटाच्या मागच्या भागातील मोठ्या गाठीचे केवळ खालचे टोक जांघेत उतरलेले असते आणि मग शस्त्रक्रियेचा सगळा बेतच बदलतो.

चीर जांघेत घ्यायची, अंडकोषाच्या पिशवीवर नाही. वृषणाची लसिका (ऊतींमधून वाहून येणारा पातळ द्रव) पोटातील महाधमनीलगतच्या लसिकाग्रंथींकडे जाते, तर पिशवीच्या त्वचेची जांघेतील लसिकाग्रंथींकडे. चुकीच्या चिरेमुळे कर्करोगाच्या पेशींना ही दुसरी वाट मोकळी होऊ शकते. वृषणरज्जू आतल्या कड्यापाशी (रज्जू पोटाबाहेर येण्याच्या जागी) बांधून वृषण, रज्जू आणि भोवतालचा मऊ भाग एकसंध काढावा लागतो. गाठ गुळगुळीत वेष्टनात असल्यासारखी दिसते, म्हणून ती नुसती सोलून काढण्याचा मोह होतो. पण तसे केल्यास ती त्याच जागी, कधी कित्येक वर्षांनीही, पुन्हा उगवण्याचा धोका वाढतो. दुसरे वृषण निरोगी असेल तर संप्रेरकांसाठी सहसा तेवढे पुरते. ज्यांना मूल हवे आहे, त्यांच्याशी शुक्राणू साठवून ठेवण्याविषयी आधीच बोलावे.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत सापडलेला चरबीचा मोठा, घट्ट किंवा पांढरट पट्टे असलेला गोळा टाकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवलाच पाहिजे. तिथे एमडीएम२ जनुकाच्या वाढलेल्या प्रती सापडल्या की तो लायपोसार्कोमा असल्याबद्दल शंकेला फारशी जागा उरत नाही. अहवाल येईपर्यंत हर्नियाच्या जागी आधाराची जाळी बसवून झालेली असेल, तर ती जाळी आणि जुना व्रण यांसह पुन्हा रुंद छेद घेण्याची वेळ येऊ शकते.