पहिलं बाळंतपण माहेरी: ताण कशाचा होता आणि काय करून हलका झाला

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ठरलेली. पण जायचं कितव्या आठवड्यात, नाव कुठल्या दवाखान्यात घालायचं, रजा कधीपासून टाकायची, यातलं काहीच ठरलेलं नसतं आणि रात्री झोप उडते ती याच प्रश्नांनी. माझा ताण श्वसनाच्या व्यायामांनी थोडा उतरला. खरा उतरला तो ठरवाठरवीने.

पहिला प्रश्न दवाखान्याचा. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण उरकून मुलगी माहेरी जाते, पण तिथल्या डॉक्टरांनी तिला एकदम नवव्यात बघणं बरं नाही. साधारण 28 ते 32 आठवड्यांत एकदा दाखवून नाव घालून ठेवावं. फाइलमध्ये पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी हवीच, कारण प्रसूतीची तारीख तिच्यावरून सर्वांत नेमकी कळते. सोबत 18 ते 20 आठवड्यांची सोनोग्राफी, हिमोग्लोबिनचे आकडे क्रमाने, साखरेची तपासणी, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या तारखा आणि रक्तगट. आईचा गट निगेटिव्ह आणि बाळाच्या वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर 28व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे आईचं शरीर बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं बनवत नाही. दवाखाना बदलण्याच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं. इकडचे म्हणतात तिकडे घ्या, तिकडच्यांना वाटतं झालं असेल.

डॉक्टरांना स्पष्ट विचारावं: रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? रक्त कुठून आणावं लागतं? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? खर्चाचा अंदाज नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हींचा घ्यावा, त्यात बाळाच्या डॉक्टरांची फी आणि औषधं धरलीत का तेही बघावं. विम्यात प्रसूतीसाठी बहुधा प्रतीक्षा कालावधी असतो आणि माहेरच्या गावचा दवाखाना कॅशलेसच्या यादीत असेलच असं नाही. आकडा मोठा असला तरी चालतो. अंधारातला आकडा जास्त छळतो.

रजेचं गणित सोपं आहे, पण आधी मांडावं लागतं. कायद्याने पहिल्या बाळासाठी 26 आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त 8 प्रसूतीपूर्वी घेता येतात. आठही आधी संपवले तर बाळासोबत 18च उरतात. प्रकृती ठीक असेल, तर मी कोणालाही शेवटपर्यंत थोडं काम करायलाच सुचवेन. रिकामं बसलं की मन नको तिकडे जातं.

कळा ओळखता येतील का, ही भीती सगळ्यांनाच असते. खोट्या कळा अनियमित असतात, चाललं किंवा कुशीवर वळलं की बऱ्याचदा थांबतात. खऱ्या कळांमधलं अंतर कमी होत जातं. दर पाच मिनिटांनी, एक मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं. दवाखाना तासभर लांब असेल तर त्याच्या बरंच आधी. पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं असह्य दुखून अंधारी आली, तर कळांची वाट बघायची नाही. बाळाची हालचाल मंदावली असं वाटलं तर डाव्या कुशीवर पडून मोजावं. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर रात्र असली तरी जावं. गाडीवाल्याचा आणि 108चा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा.

आता सल्ले. पपईपासून ग्रहणापर्यंतचे ऐकून सोडून देता येतात. बाळ झाल्यावरचे मात्र आधीच मिटवावेत, कारण ओली बाळंतीण वाद घालू शकत नाही. पहिला चीक फेकायचा नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत तर नाहीच. त्यातून बोट्युलिझम हा बाळाला लुळं पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. बंद खोलीत शेगडीची धुरी नको. आईला तपासणीला सोबत नेलं आणि हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं की काम होतं. मुलीने सांगितलं तर ते आगाऊपण ठरतं. डिंकाच्या लाडवांवर आणि अळिवाच्या खिरीवर वाद घालू नये, तिथे आईला जिंकू द्यावं.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुधा आपोआप ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही उदासी तशीच असेल, किंवा आधीपासूनच झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांना सांगावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

नवऱ्याला नुसतं ‘काळजी करू नकोस’ सांगून भागत नाही, त्याला काम द्यावं. जन्मनोंदणी 21 दिवसांच्या आत हवी, ती त्याच्याकडे. बारशापर्यंत नाव ठरलं नाही तरी अडत नाही. बाळाचं नाव नंतर वर्षभरात दाखल्यावर घालता येतं.