५.३७ जवळ काहीच का दिसत नाही?

सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेने खुल्या केलेल्या, तिथल्या सीएमएस प्रयोगाच्या २०१२ सालच्या नोंदी सध्या मी नागपुरात एम.एस्सी.च्या काही विद्यार्थ्यांबरोबर तपासतो आहे. प्रोटॉनांच्या टकरींतून निघालेल्या विरुद्ध भाराच्या दोन म्यूऑनांवरून (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांवरून) मूळ कणाचे वस्तुमान काढून आलेख मांडला, की ३.१ गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला जे-साय, ९.४६ ला अप्सिलॉन आणि ९१ ला झेड बोसॉन अशी कणांची शिखरे उठून दिसतात. "सर, मग बी-एस कुठे आहे?" हा प्रश्न यायचाच होता, कारण बी-एस या कणाचे वस्तुमान ५.३७ असूनही तिथे आलेख अगदी निर्विकारपणे पुढे सरकतो.

बी-एस हा मेसॉन, म्हणजे एक क्वार्क व एक प्रतिक्वार्क यांचा कण. त्याचे दोन म्यूऑनांत होणारे क्षय प्रमाणित प्रारूपानुसार, म्हणजे मूलकणांच्या आजच्या मान्य सिद्धांतानुसार, अब्जात साडेतीनच्या आसपास असतात. हा क्षय थेट घडू शकत नाही. तो डब्ल्यू बोसॉन आणि टॉप क्वार्क या जड कणांच्या क्षणिक फेऱ्यांतून, म्हणजे ते मधल्यामध्ये क्षणभर निर्माण होऊन नाहीसे होण्यातून, घडतो, आणि त्या फेऱ्यांत एखादा अज्ञात जड कण डोकावला तर हे प्रमाण बदलेल. शोधाचे खरे कारण ते आहे. २०१२ मध्ये सर्नच्याच एलएचसीबी प्रयोगाला पहिला पुरावा मिळाला आणि २०१५ मध्ये सीएमएस व एलएचसीबी यांनी एकत्रित निरीक्षण प्रसिद्ध केले.

मला मात्र निकालाहून पद्धत अधिक मोलाची वाटते. बी-एस सुमारे दीड पिकोसेकंद (सेकंदाच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या दीडपट) जगतो, त्यामुळे दोन्ही म्यूऑन टकरीच्या जागेपासून किंचित दूर, एकाच बिंदूतून निघालेले दिसले पाहिजेत. ही अट लावली तरी म्यूऑन म्हणून खपून जाणारे पायॉन आणि केऑन हे दुसरे कण उरतातच. मुळात बी-एस किती तयार झाले हे थेट मोजता येत नसल्याने, जे-साय आणि केऑन देणाऱ्या बी-प्लस या बी-एसच्या भावंडाच्या परिचित क्षयाशी तुलना करावी लागते. शिवाय सर्व निकष पक्के होईपर्यंत ५.३७ भोवतीचा पट्टा संशोधक स्वतःपासूनच झाकून ठेवतात. इतकी शिस्त आपल्या प्रयोगवह्यांत क्वचितच आढळते!

नंतरच्या मोजमापांतही प्रमाण प्रारूपाशी जुळतेच आहे. बी-शून्य या आणखी एका भावंडाचा दोन म्यूऑनांत होणारा तसाच क्षय, दहा अब्जांत जेमतेम एक, अजून निर्विवादपणे दिसलेला नाही. त्याचे वस्तुमान ५.२८, म्हणजे बी-एसला इतके खेटून, की एकाच्या शिखराचा उतार दुसऱ्याच्या जागेवर येतो.