ब्लिंकरमध्ये एलईडी बसवताना

६ व्होल्टच्या ब्लिंकरमध्ये (उघडझाप करणाऱ्या दिव्यात) बल्बच्या जागी दोन एलईडी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडायचा मोह होतो. नवी बॅटरी असेपर्यंत ठीक चालतं. ती साडेचारवर उतरली की उजेड पार मरतो. त्यापेक्षा प्रत्येक एलईडीला वेगळा २२० ओहमचा रेझिस्टर (करंट आवरणारा भाग) द्या. पिवळ्या एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ४ व्होल्टमध्ये १८ मिलीअँपिअर करंट वाहतो. बस्स.

काच पिवळी असेल तर एलईडीही पिवळाच. पांढऱ्याचा निळसर उजेड काचेतच अडकतो.

बल्ब काढल्यावर एलईडी मिणमिणतच राहिला, पूर्ण विझेना? जुन्या सर्किटमधून थोडा करंट गळतोय. एलईडी-रेझिस्टरच्या जोडीला समांतर १ किलोओहम लावून बघा.

आणि हो, आधी स्प्रिंग तपासा. अल्कलाइन बॅटरी गळून पांढरी पूड जमली असेल, तर व्हिनेगरचा बोळा फिरवा, पुसा, वाळवा. कित्येकदा बिघाड एवढाच असतो.