आजोबांचा वस्तरा आणि तो खोलगट दगड

गंज काढायला मला दोन संध्याकाळी पुरल्या, पण धार यायला दीड महिना लागला आणि त्यातला एक महिना निव्वळ एका दगडापायी गेला. अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

वस्तरा आजोबांचा, आईच्या ट्रंकेत सापडला, बुडाशी सोलिंगेन कोरलंय म्हणजे जर्मन माल. गंज वरवरचा होता, वॉटर पेपरने (पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरने) हातानेच काढला, 600 नंबर, मग 1000, मग 2000; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. ग्राइंडर अजिबात लावू नका, पातळ पातं लगेच तापतं, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ते धार धरतच नाही.

मग इथल्या, इंदूरच्या सियागंजातल्या एका दुकानातून धार लावायचा, एक बाजू 1000 नंबरची आणि दुसरी 8000 ची असा दगड आणला, 8 इंच बाय 3 इंच. पाठ (पात्याची जाड कड) आणि धार दोन्ही दगडाला टेकवून धार पुढे ठेवून सरकवायचं, कोन पाठच सांभाळते. धार कुठे घासली जाते ते कळावं म्हणून तिच्या कडेला काळा मार्कर फासला, चार हात मारले आणि बघितलं तर टोकाची शाई गेली, बुडाची गेली, मधली मात्र तशीच. पुन्हा फासली, पुन्हा तेच. रोज ऑफिसातून आल्यावर तासभर हेच चाललेलं, आणि मी जोर वाढवत गेलो, जो वाढवायचाच नसतो, दगडावर फक्त पात्याचं वजन पुरतं. मला वाटलं पातंच वाकडं आहे, आजोबांची वस्तू मी बिघडवली या विचाराने झोप लागेना. दुकानदाराकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा एकच उत्तर, "भिया, पत्थर में कोई खराबी नी है, हाथ जमाओ." दगड हातात घेऊन बघितलासुद्धा नाही.

शेवटी रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या न्हावीकाकांकडे दोन्ही घेऊन गेलो. ते आता अर्धं ब्लेडच अडकवतात, पण तरुणपणी वस्तरा रोज पाजवलेला. त्यांनी आधी आरशाखालच्या काचेवर वस्तरा आडवा ठेवला, धारेखालून उजेड दिसेना. मग दगडावर ठेवला, तर मधोमध उजेडाची बारीक रेघ. "पातं सरळ आहे रे, दगड खोलगट आहे," म्हणाले. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

घरी काचेवर 220 चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवला, दगडावर पेन्सिलने चौकटी आखल्या आणि घासत बसलो. मधल्या रेघा जायला चाळीस मिनिटं लागली! दोन्ही बाजू सपाट केल्या. त्यानंतर शाई पहिल्या दहा हातांत सगळीकडून गेली. म्हणून नवा दगड असला तरी आधी स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडासमोर बघा, दुकानातच बघा.

हो, पाठीला इलेक्ट्रिकची टेप लावायची राहिलीच सांगायची, नाहीतर पाठ झिजते. आणि जुना वस्तरा विकत घेणार असाल तर गंजाचे खड्डे पात्याच्या अंगावर चालतील, धारेवर असले तर सोडून द्या.

8000 नंतर चामोटीवर (वस्तरा परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर) पन्नास फेऱ्या, तिथे पाठ पुढे, धार मागे, उलटं केलं की चामडं कापलं जातं. हातावरचा केस नुसत्या स्पर्शाने तुटला. रविवारी उजवा गाल केला, एक ओरखडा नाही. डाव्याला अजून सेफ्टी रेझरच, तो हात बसायचाय.