या वयात स्पर्धा कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

मास्टर्सच्या, म्हणजे मोठ्या माणसांच्या, पोहण्याच्या स्पर्धांना मी जाते हे कळलं की समोरचा हमखास विचारतो, "पदकबिदक मिळतं का? मग एवढा खटाटोप कशाला?" विचारण्यात कुतूहलापेक्षा काळजीच जास्त असते. "मजा येते" म्हटलं तर कुणाला पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पदकाचं आधी उरकून टाकू. मिळतं कधीकधी. गटात तिघीच असल्या की न मिळून जातंय कुठे!

जागतिक नियमांप्रमाणे मास्टर्समध्ये पंचविशीपासून प्रवेश. पुढे 25 ते 29, 30 ते 34 असे पाच-पाच वर्षांचे गट, थेट शंभरीच्या पलीकडेपर्यंत. वय मोजतात ते त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला. म्हणजे डिसेंबरात साठी पुरी होणारा माणूस जानेवारीतच साठीच्या गटात जातो आणि तिथला सगळ्यात धाकटा ठरतो. वय वाढलं म्हणून इतक्या मनापासून अभिनंदन करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

रिलेत तर याची कमाल होते. चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो: 160 ते 199, 200 ते 239, 240 ते 279. मग स्पर्धेच्या आधी कागद-पेन घेऊन हिशेब सुरू होतात. तिघांचे मिळून 167 झालेत, चौथा त्र्याहत्तरचा मिळाला की नेमके 240, म्हणजे वरचा गट, आणि त्यात आपणच सगळ्यांत तरुण!

"काका, यंदा किती?"

"एकाहत्तर."

"अरेरे! दोन वर्षं कमी पडली हो."

आणि काका खरंच ओशाळतात. एरवी वय विचारलं तर विषय बदलणारी माणसं इथे चढाओढीने जन्मसाल सांगत असतात.

दुसरी गंमत हीटची, म्हणजे एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या तुकडीची. बऱ्याच स्पर्धांत हीट वयावर नाही, टायमिंगवर लावतात. निकाल गटानुसार लागतो, पण पाण्यात सगळे एकत्र. त्यामुळे शेजारच्या लेनमध्ये कोण येईल सांगता येत नाही. एकदा सत्तरीच्या एक बाई आल्या. गॉगल चार वेळा दाबून पाहिला, कठडा धरत धरत उडी मारायच्या ब्लॉकपर्यंत आल्या, गुडघा चोळला. मला उगाचच वाटलं, यांच्याकडे लक्ष ठेवायला हवं. छोट्या शिट्ट्या झाल्या, मग लांब शिट्टी, "टेक युवर मार्क्स", आणि भोंगा. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक होती. पहिल्या टर्नला त्या माझ्या बरोबरीने होत्या, त्यानंतर मला फक्त त्यांचे तळवे दिसले. जमिनीवर कुरकुरणारा गुडघा पाण्यात कुठे जातो देव जाणे.

पोहून झालं की लगेच वर यायची घाई नसते. बाकीच्यांचं होईपर्यंत आपापल्या लेनमध्ये थांबायची मुभा मास्टर्सच्या नियमांतच आहे. माझ्या मते हा सगळ्यांत चांगला नियम. लेनच्या दोरीवर हात टाकून, धापा टाकत ज्या गप्पा होतात त्या काठावर होत नाहीत. "कितीचं आलं?" "शेवटच्या पंचवीसला हातच उचलेनात." नाव विचारायचं राहून जातं, टायमिंग मात्र वर्षभर लक्षात राहतं.

जपानच्या मिएको नागाओका ऐंशी उलटल्यावर पोहायला लागल्या आणि 2015 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, 1500 मीटर पूर्ण पोहल्या. वेळ लागला सव्वा तासाहून थोडा जास्त. त्यांचं कौतुक आहेच, पण तेवढा वेळ नजर न हलवता लॅप मोजत बसणाऱ्यांचंही मला आहे.

या प्रकाराची सुरुवात केली अमेरिकेच्या नौदलातल्या एका डॉक्टरांनी, रॅन्सम आर्थर यांनी. मोठ्या माणसांपुढे काही लक्ष्य असलं तर ती व्यायाम टिकवतील, असा त्यांचा होरा होता. 1970 मध्ये टेक्सासमधल्या अमरिलोला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. होरा बरोबरच होता. स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर नसली की पहाटे गजर बंद करून मी पुन्हा झोपते. तारीख असली की गजराआधीच जाग येते, वर टर्नचा विचार डोक्यात चालू असतो.

यायचं मनात असेल तर 50 मीटरपासून सुरुवात करा. ब्लॉकवरून डाइव्ह मारायलाच हवी असं नाही, पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून निघालात तरी चालतं. बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक मारलीत तरी कुणी बाद करत नाही. फक्त जन्मसाल आधी कळवा. रिलेची बेरीज माझ्याकडे असते, आणि आत्ता आम्हाला कुणीतरी बऱ्यापैकी म्हातारं हवंय.